उघडे बॉनेट

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी माझ्या सात वर्षांच्या नातीला घेऊन मी जुन्या मोटारींच्या मेळाव्याला गेलो होतो. ठाण्याजवळच्या एका मोकळ्या मैदानात पस्तीसेक गाड्या ओळीने उभ्या होत्या. फियाट, पद्मिनी, अ‍ॅम्बेसिडर, दोन स्टँडर्ड हेरल्ड, एक जुनी विलीज जीप. प्रत्येक गाडी इतकी लखलखीत पुसलेली, की तिच्या रंगात पाहून भांग पाडावा. आणि जवळजवळ प्रत्येक गाडीचे बॉनेट उघडे! नातीने ही रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली आणि माझा हात ओढून विचारले, ‘आबा, या सगळ्या गाड्या बिघडल्यात का?’

आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावरही तो प्रश्न माझी पाठ सोडीना. बॉनेट उघडे म्हणजे गाडी बिघडलेली, हे तिला शिकवले कोणी? मीच. रात्री झोपताना मी तिला आमच्या फियाटच्या ज्या गोष्टी सांगतो, त्यांत बॉनेट उघडते ते गाडी बंद पडल्यावरच. त्या मैदानात मात्र ते उघडले होते ते आतले चकचकीत इंजिन लोकांनी पाहावे म्हणून. या दोन उघड्या बॉनेटांच्या मधे चाळीसेक वर्षांचा काळ आहे, आणि जुन्या गाड्यांवर जीव टाकणाऱ्या आम्हा मंडळींचे एकमेकांशी असलेले नाते त्या काळात कसे पालटले, याची सारी हकिकतही तिथेच आहे.

माझी फियाट १९६८ सालची. मी ती १९८७ साली घेतली, तेव्हाच ती एकोणीस वर्षांची होती आणि माझ्याआधी तिने तीन मालक पाहिले होते. बँकेत अधिकारी असलो तरी नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. कर्मचाऱ्यांच्या पतपेढीतून कर्ज काढले. दोन सहकारी जामीन राहिले. त्यांतल्या एकाच्या कर्जाला मी आधीच जामीन होतो आणि दुसऱ्याच्या बहिणीचे लग्न निघाले, तेव्हा त्याला पुढे राहिलो. पतपेढीचा कारभार असाच चाले. आम्ही सगळे एकमेकांना बांधलेले होतो आणि त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे.

त्या गाडीचा वंश तसा आपल्या घरातलाच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीतल्या फियाटशी संबंध जुळला आणि १९५४ पासून ‘फियाट ११००’ आपल्या रस्त्यांवर दिसू लागली. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत आणि एकंदर ठेवण अशी गुबगुबीत, की मराठी माणसाने तिचे नावच ठेवले, ‘डुक्कर फियाट’! १९६४ साली ‘डिलाइट’ आली. माझी गाडी त्या पिढीची. इंजिन १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. सत्तरच्या दशकात हीच गाडी आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली.

तो परवान्यांचा आणि टंचाईचा काळ होता. पैसे भरून नाव नोंदवले, तरी नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. त्यामुळे एकदा घरात आलेली गाडी कोणी सहजासहजी टाकत नसे, आणि गाडी टाकायची नाही म्हटल्यावर ती दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर नसे. प्रत्येक गाडीवाला अर्धा मेकॅनिक झालेला असे. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासायला पॉलिश पेपरचा तुकडा, एक जादा फॅन बेल्ट, प्लग पाना आणि पाण्याचा कॅन हा संसार डिकीत घेतल्याशिवाय कोणी पुण्याच्या वाटेला लागत नसे.

पुण्याची वाट म्हणजे बोरघाट. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्याआधी उन्हाळ्यात घाट चढताना कडेला उघड्या बॉनेटच्या गाड्यांची रांगच लागलेली असे. मे १९८९ मध्ये शिंग्रोबाच्या देवळाच्या थोडे अलीकडे आमची गाडी अशीच गप्प झाली. बरोबर पत्नी, चार वर्षांचा मुलगा आणि माझी आई. बॉनेट उघडले, पण पुढे काय करायचे ते सुचेना. पाच मिनिटांत एक अ‍ॅम्बेसिडर थांबली. पांढऱ्या पायजम्यातले एक गृहस्थ उतरले. काही न विचारता त्यांनी स्वतःचा टॉवेल पिण्याच्या पाण्यात भिजवला आणि पेट्रोल पंपावर गुंडाळला. ‘उष्णतेने पेट्रोलची वाफ झालीय नळीत. वीस मिनिटं थांबा, चालू होईल,’ म्हणाले. ती वीस मिनिटे ते आमच्याबरोबर थांबले. गाडी चालू झाल्यावर मी टॉवेल परत देऊ लागलो, तर म्हणाले, ‘राहू द्या. वर अमृतांजनच्या पुलापर्यंत पुन्हा लागेल. पुढं कोणी अडलेला दिसला, तर थांबा म्हणजे झालं.’ मी त्यांचे नावसुद्धा विचारले नाही. विचारण्याची पद्धतच नव्हती. उद्या मी कोणासाठी तरी थांबणार, हे त्यांनी गृहीत धरले होते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर कागदावाचून दिलेले कर्ज होते ते. आणि घाटातली अशी कर्जे सहसा बुडत नसत.

अर्थात, म्हातारपणी जुन्या आठवणींवर साय जरा जास्त धरते, हे मलाही कळते. आमचा हा एकोपा काही सद्गुणांतून आलेला नव्हता. गाड्या कुचकामी होत्या, रस्ते वाईट होते, फोन नव्हते. दुसऱ्यासाठी थांबलो नाही, तर आपल्यासाठी कोणी थांबणार नाही, हा साधा हिशेब त्यामागे होता. शिवाय तो मूठभर गाडीवाल्यांचा एकोपा होता. घाटात गाडी ओढून माथ्यावर आणून सोडणारे अनेकदा ट्रकवाले असत, पण आमच्या दिवाणखान्यातल्या गोष्टींत ते फक्त ‘एक ट्रकवाला’ असत. आपल्यात कोण आणि बाहेरचा कोण, याची रेघ आम्हीही आखलेली होती. ती आम्हाला दिसत नव्हती, एवढेच.

याच काळात जुन्या मोटारींचे दुसरे एक जग होते आणि त्यात आमच्या फियाटला प्रवेश नव्हता. दिल्लीत ‘स्टेट्समन’ या दैनिकाची व्हिंटेज मोटारींची रॅली १९६४ पासून सुरू झाली होती. मुंबईतही फोर्टात अशा रॅली निघत. राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉइस, डेमलर, बेंटली. प्राणलाल भोगीलाल यांच्यासारख्या संग्राहकाने अहमदाबादजवळ कठवाड्याला शेकडोत मोजाव्या लागतील अशा गाड्या सांभाळल्या, त्याचे आज संग्रहालय आहे. एरवी भंगारात गेला असता असा मोठा ठेवा या मंडळींनी वाचवला, ही गोष्ट कृतज्ञतेने मान्य केली पाहिजे. पण ते जग पाहण्याचे होते. आम्ही बायकामुलांना घेऊन रॅली पाहायला जात असू, आणि आमची फियाट प्रेक्षकांच्या पार्किंगमध्ये उभी राही. आज तीच फियाट दोरीच्या आत आहे. जुन्या गाड्यांच्या जगात झालेला सर्वांत मोठा बदल तो हाच.

मधली वर्षे मात्र कठीण गेली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि नव्वदच्या दशकात ती घरोघर दिसू लागली. १९९१ नंतर आणखी कंपन्या आल्या. मारुतीचे बॉनेट उघडण्याची वेळच फारशी येत नसे. माझ्या सहकाऱ्यांनी एकामागून एक फियाट विकल्या, काहींनी तर भंगाराच्या भावात. त्यांना दोष कसा द्यावा? पहाटे आईला इस्पितळात न्यायचे, तर हमखास चालू होणारी गाडी हवीच. पद्मिनीचे उत्पादन २००० सालानंतर थांबले, अ‍ॅम्बेसिडरचे २०१४ साली. घाटात उघड्या बॉनेटची रांग दिसेनाशी झाली, तसे थांबणारेही दिसेनासे झाले. अडचण संपली की अडचणीतला सोबती कशाला लागतो?

त्या वर्षांत मी गाडी विकली नाही, याचे श्रेय माझ्या निष्ठेला नाही. ते आमच्या मिस्त्रींना आहे. कुर्ल्याला एका गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या छपराखाली त्यांचे गॅरेज होते. खेडजवळच्या गावाहून बाराव्या वर्षी ते मुंबईला आले, एका गॅरेजात पोऱ्या म्हणून राहिले आणि पाने पुसता पुसता उस्ताद झाले. चालू इंजिनाला लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक लावायचे, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून सांगायचे, ‘दोन नंबरचा टॅपेट.’ उघडून पाहिले, की दोन नंबरचाच. रविवारी सकाळी तिथे आम्ही सातआठ जण जमत असू. एक शाळामास्तर, एक पारशी वकील, दोन टॅक्सीवाले, एक रेल्वेतला गार्ड. चहाचे ग्लास मडगार्डवर ठेवून गप्पा चालत. त्या गल्लीला कोणी क्लब म्हटले नाही, पण माझ्या आयुष्यात मी पाहिलेला खरा क्लब तोच.

१९९० साली या मिस्त्रींनी माझ्याकडे एकदाच काही मागितले. एअर कंप्रेसर आणि व्हॉल्व्ह घासण्याचे यंत्र घेण्यासाठी त्यांना २२ हजार रुपयांचे कर्ज हवे होते. मी तेव्हा शाखेत कर्जविभागातच होतो. त्यांच्या छपराखालच्या जागेचे कागद नव्हते. पगाराची पावती दाखवू शकेल असा जामीनदार नव्हता. मी नियमाप्रमाणे अर्ज परत केला. स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी त्या वेळीही योजना होत्या. जरा खटपट केली असती, तर त्यांना त्यात बसवता आले असते. आणि पगाराची पावती असलेले आम्ही चारपाच जण दर रविवारी त्यांच्याच छपराखाली चहा पीत होतो. त्यांच्यातल्या एकाला ‘चला, आपण राहू जामीन,’ असे म्हणणे मला सुचले नाही. सुचले नाही म्हणतो, पण खरे सांगायचे तर मी ते सुचू दिले नाही. पतपेढीत मी डोळे मिटून सह्या करीत असे, कारण तिथले सगळे ‘आपले’ होते.

पुढच्या रविवारी मी अवघडून गाडी घेऊन गेलो. मिस्त्रींनी नेहमीसारखे बॉनेट उघडले, पॉइंट घासले आणि म्हणाले, ‘साहेब, कार्बोरेटर पण साफ करून टाकतो.’ त्या विषयावर ते पुन्हा कधीच बोलले नाहीत. यंत्रे त्यांनी सावकाराकडून पैसे उचलून घेतली, हे मला पुढे टॅक्सीवाल्यांकडून कळले.

आता आजच्या मंडळींकडे येतो. ती बहुतेक तिशी-चाळिशीतली आहेत. कोणी आजोबांची पद्मिनी गावच्या गोठ्यातून बाहेर काढली आहे, तर कोणी पगारातली शिल्लक दोन-दोन वर्षे घालून ती उभी केली आहे. ‘हल्लीची पिढी’ म्हणून नाक मुरडायला मी तयार नाही. माझ्या गाडीच्या मागच्या दिव्याची काच फुटली, तेव्हा मोबाईलवर नुसते विचारल्यावर इंदूरच्या एका मुलाने ती आठवड्यात पाठवली आणि पाठवणीचा खर्चसुद्धा घेतला नाही. या मंडळींत मुली आहेत. आमच्या वेळी बायका मागच्या सीटवर डबा धरून बसलेल्या असत. एखादा भाग कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळेल की पुण्याच्या नाना पेठेत, हे शोधायला आम्हाला महिना लागे. त्यांना संध्याकाळपर्यंत उत्तर मिळते.

मग उणे काय आहे? त्याच मेळाव्यातला एक प्रसंग सांगतो. दुपारी सगळे निघाले, तेव्हा एक सुरेख निळी पद्मिनी चालू होईना. सकाळभर तिचे बॉनेट उघडे होते आणि लोक इंजिनाचे फोटो काढीत होते. आता तिच्या तरुण मालकाने घाईघाईने बॉनेट बंद केले आणि आत बसून तो गाडी उचलून नेणारा ट्रक बोलावू लागला. त्याला लाज वाटत होती. आजूबाजूच्या गाड्या हॉर्न देऊन, हात हलवून निघून गेल्या. त्यांना तो अडला आहे हे कळलेच नाही, कारण अडल्याची खूण त्याने मिटून टाकली होती. मला बदल दिसला तो इथे. आम्ही गाडीच्या दुबळेपणामुळे एकत्र येत होतो. ही मंडळी गाडीच्या देखणेपणामुळे एकत्र येतात. देखणेपणाभोवती गर्दी चटकन जमते, पण त्याला दुबळेपणा दाखवायची चोरी असते.

मी जाऊन काच वाजवली. माझे ज्ञान पॉलिश पेपरपुरतेच, म्हणून मिस्त्रींना फोन लावला. ते आता सत्तरीच्या पुढे आहेत, हात थरथरतात, गॅरेज बंद झाले आहे. ‘फोन इंजिनाजवळ धरा आणि स्टार्टर मारा,’ म्हणाले. थोडे ऐकले. ‘इंजिन फिरतंय, ठिणगी नाही. पॉइंट बघा आधी. नाही झालं, तर कंडेन्सर.’ पॉइंट घासल्यावर गाडी चालू झाली. त्या मुलाने विचारले, ‘काका, कोण आहेत हे?’ काय सांगावे ते मला पटकन सुचले नाही. सदतीसहून अधिक वर्षांत त्यांना मी एकाही मेळाव्याला नेलेले नव्हते.

माझा मुद्दा एवढाच आहे. दोरीच्या आत आता फियाट आली, पण तिला जिवंत ठेवणारा माणूस अजून दोरीच्या बाहेर आहे. गाडीसमोरच्या फलकावर मालकाचे नाव असते, मॉडेल असते, साल असते. मिस्त्रीचे नाव नसते. ही केवळ कृतज्ञतेची गोष्ट नाही. मुंबईत पद्मिनीचे सुटे भाग आणि मिस्त्री इतकी वर्षे टिकले, ते आम्हा हौशी लोकांमुळे नव्हे. ते टिकले काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. टॅक्सीवाल्याला रोज धंदा करायचा असे, म्हणून बाजारात भाग असत आणि गल्लीत कारागीर असे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. त्या दिवशी हळहळून आपण सर्वांनी फोटो काढले, पण त्या टॅक्सीबरोबर आपल्या छंदाचा पायाही निघून जातो आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले.

केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन अशी नोंद घेऊ शकते. नव्याने नोंदणी करणाऱ्याला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नियम चांगला आहे. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल, एवढ्यासाठीच ती बाहेर काढायची. गंमत पाहा, दुरुस्तीला जायची परवानगी सरकारने आठवणीने दिली आहे. दुरुस्ती करणारा कुठून आणायचा, ते मात्र आपल्यालाच पाहायचे आहे. माझी फियाट या नोंदीला पात्र आहे. तिचा अर्ज मी अजून भरलेला नाही. दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करतो, पर्यावरण कर भरतो आणि भाजी आणायला तिच्यातूनच जातो. वाटेत ती कधीमधी बंद पडते. पडली, तर बॉनेट उघडून उभा राहतो. अजूनही कोणी ना कोणी थांबते, बहुधा एखादा रिक्षावाला.

मेळावे भरवणाऱ्या तरुण मित्रांना माझ्या दोन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक गाडीच्या फलकावर तिच्या मिस्त्रीचे नाव लिहावे आणि त्याला पाहुणा म्हणून नव्हे, तर सभासद म्हणून बोलवावे. दुसरी, प्रत्येकाने महिन्याला थोडी रक्कम बाजूला काढावी आणि त्यातून एखाद्या होतकरू मुलाला किंवा मुलीला विद्यावेतन देऊन अशा मिस्त्रींच्या हाताखाली बसवावे. गाड्या कितीही घासून पुसून ठेवल्या, तरी कानाने टॅपेट ओळखणारा माणूस एकदा गेला, की त्या फक्त सुंदर पत्रे आहेत.

मी ही दुसरी सूचना आमच्या मंडळींपुढे मांडली. सगळ्यांनी कल्पना उत्तम असल्याचे कळवले. पैसे आतापर्यंत चौघांनी दिले आहेत. त्यांत तो निळ्या पद्मिनीवाला आहे आणि ऐरोलीची एक इंजिनिअर मुलगी आहे. ती आता दर रविवारी मिस्त्रींच्या घरी वही घेऊन जाते. मिस्त्री तिला म्हणाले, ‘लिहू नका, बाई. डोळे मिटा आणि ऐका.’

पुढच्या मेळाव्याला मिस्त्री येणार आहेत. मी त्यांना तसे विचारले, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘साहेब, तिथं माझं काय काम?’ त्या प्रश्नाचे उत्तर मी १९९० पासून देणे लागतो. आणि नातीला सांगायचे राहिलेले उत्तरही तेच आहे. बाळ, गाड्या बिघडलेल्या नव्हत्या. पण बिघडतील. तेव्हा कोण कोणाला जामीन राहतो, ते पाहायचे.